परदेशस्थ भारतानंद आणि आपली खेडी

[दुष्काळ निवारण समितीच्या कुंडल येथील सभेत समितीच्या एका वकील सभासदांनी केलेले भाषण. देणगीदारांच्या इच्छेवरून ते अहवाल व विनंतीपत्रासोबत छापीत आहोत.]



समितीचा अहवाल व जमाखर्च आपल्या हाती आलेलाच आहे. ते आकडे पुन्हा वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. चिटणिसांनी मजकडे सोपविलेले काम निराळे आहे. मागील बैठकीत काही देणगीदारांनी एक प्रश्न विचारला होता. आम्ही जो पैसा, जे धान्य व जो चारा देतो, तो समितीने आपल्या माणसांकरवी वाटावा, की ज्या त्या गावच्या लोकांच्या स्वाधीन करावा? गावाच्या हाती पैसा गेला म्हणजे तट पडतात, पुढारी आपल्या भावकीचे भले पाहतात आणि गरजू माणूस रांगेच्या शेवटी उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रश्न विचारणारे सज्जन आहेत व त्यांची भीती निराधार नाही. म्हणून त्याचे उत्तर केवळ तर्काने न देता, ह्याच मुलखात घडलेल्या एका हकिकतीच्या आधाराने द्यावे असे मला वाटते.

ज्या कुंडलात आपण बसलो आहोत ते आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. परंतु १९४८ पर्यंत ते औंध संस्थानातील एका तालुक्याचे मुख्य ठिकाण होते. औंध, कुंडल, आटपाडी व गुणदाळ असे त्या संस्थानाचे चार तालुके. गावे अवघी बहात्तर, लोकवस्ती सुमारे पाऊण लाख; आणि तीही सलग नव्हे, तर साताऱ्यापासून विजापूरकडच्या मुलखापर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. त्यांपैकी कुंडलास कृष्णेचा शेजार लाभला. येथे ऊस उभा राहिला, द्राक्षांचे मळे झाले, साखर कारखाना आला. येरळा ओलांडून विट्याच्या बाजूने माळ चढत गेले की मात्र जमिनीचा रंग पालटतो. पुढे माणदेश. सह्याद्रीवर पाऊस सांडून आलेले ढग तेथे पोहोचेपर्यंत रिते झालेले असतात. आटपाडीस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही, आणि जो पडतो तो वेळेवर पडेल याची शाश्वती नसते. ज्या गावांसाठी आज आपण मदत मागत आहोत त्यांतील पुष्कळ गावे एके काळी आपल्याच संस्थानातील, आपल्याच दफ्तरातील होती. ती परकी नाहीत, एवढे प्रथम ध्यानात घ्यावे.

औंधच्या गादीवर त्या काळी श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे होते. चित्रकार, कीर्तनकार व सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांची ख्याती आहे. परंतु त्यांचा आणखी एक गुण मला आजच्या विषयाच्या दृष्टीने मोठा वाटतो. बाहेरून आलेल्या गुणी माणसास ते जागा देत. बेळगावास नगरपालिकेला जागा हवी म्हणून ज्यांना आपला कारखाना हलवावा लागला, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलरोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने माजलेला माळ दिला. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि लोखंडी नांगर, पुढे पाण्याचे पंप, ह्या माळावरून महाराष्ट्राच्या शेतांत गेले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे लाहोर सोडून आले, त्यांनाही औंधाने आसरा दिला आणि तेथे त्यांचे स्वाध्याय मंडळ उभे राहिले. ह्याच परंपरेत तिसरा माणूस आला, तो सर्वांत दुरून. त्याचीच हकिकत आज मला सांगावयाची आहे.

त्याचे मूळ नाव मॉरिस फ्रीडमन. पोलंड देशाची राजधानी वॉर्सा येथील एका गरीब ज्यू कुटुंबात तो जन्मला. शिकून विद्युत् अभियंता झाला, काही काळ फ्रान्समध्ये नोकरी केली आणि १९३५ च्या सुमारास हिंदुस्थानात आला. म्हैसूर संस्थानचा बंगळूर येथे विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना होता. सर मिर्झा इस्माईल तेव्हा दिवाण होते. त्या कारखान्याची व्यवस्था ह्या परदेशी अभियंत्याकडे आली. पगार, बंगला, मानमरातब ह्यांपैकी कशाचीही वाण नव्हती. पण त्याची दृष्टी दुसरीकडे लागलेली होती. तिरुवण्णामलईस रमण महर्षींच्या दर्शनास तो जाई. कान्हनगडच्या स्वामी रामदासांचा त्याला सहवास घडला. त्याने भगवी वस्त्रे घेतली आणि भारतानंद हे नाव धारण केले. महात्मा गांधींच्या सेवाग्रामाशी त्याचा संबंध जडला तो ह्याच काळात.

असे वेषांतर करणारे परदेशी पुष्कळ आले आणि गेले. भारतानंदांचे वैशिष्ट्य भगव्या वस्त्रांत नाही. आपल्या विद्येचे त्यांनी काय केले यात आहे. विजेच्या कारखान्यात मोठमोठी यंत्रे चालविणाऱ्या ह्या अभियंत्याने खेड्यात आल्यावर सूत कातण्याच्या साधनांकडे लक्ष घातले. धनुष्यासारख्या कमानीने फिरणारी जी धनुष तकली गांधीजींच्या मंडळींत पसरली, तिची रचना त्यांची मानली जाते. थोडे लाकूड, थोडा बांबू आणि एक दोरी, एवढ्यावर ती चालते. खेड्यातील माणसास ती स्वतः करता येईल, आणि मोडली तर शहराकडे न धावता स्वतःच दुरुस्त करता येईल, हा त्यातील हेतू. जे देतो ते घेणाऱ्याच्या हाती टिकले पाहिजे, देणारा निघून गेल्यावरही चालले पाहिजे, ही त्यांच्या साऱ्या कार्याची कसोटी होती. सज्जनहो, दुष्काळाच्या मदतीस लावण्याजोगी ह्याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत हे ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन परत आले होते. त्यांची व भारतानंदांची ओळख झाली, आणि राजेसाहेबांच्या निमंत्रणावरून भारतानंद औंधास आले. संस्थानात नवे कारखाने काढावेत, रस्ते करावेत, अशी अपेक्षा एखाद्या अभियंत्याकडून कोणीही करील. त्यांनी विचार मांडला तो मात्र अगदी वेगळा. लोकांचे कल्याण वरून करू नका. लोकांचा अधिकार लोकांस देऊन टाका.

हा काळ कोणता ते आठवावे. १९३८ चे साल. राजकोटात प्रजेचा सत्याग्रह पेटला होता, हैदराबादेत चालू झाला होता. बहुतेक संस्थानांत प्रजेला साध्या सभेसाठीही झगडावे लागत होते. अशा वेळी नोव्हेंबर १९३८ मध्ये औंधच्या राजाने आपण होऊन जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. घटनेचा मसुदा तयार करण्यात भारतानंदांचा मोठा हात होता. तो घेऊन मंडळी गांधीजींकडे गेली, त्यांनी त्यात आपल्या सूचना केल्या, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती घटना अंमलात आली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. पाया गावाचा. प्रत्येक गावी निवडलेली पंचायत. पंचायतींतून तालुक्याची समिती. आणि तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ. इमारत पायापासून वर चढविलेली. वसुलाचा मोठा वाटा गावाच्या व तालुक्याच्या कामासाठी राखला गेला. राजाच्या खासगी खर्चास मर्यादा पडली. किरकोळ दिवाणी व फौजदारी कज्जे गावातच, गावकऱ्यांच्या देखत निकालात निघू लागले. माझ्या व्यवसायबंधूंना ती गोष्ट फारशी रुचण्यासारखी नव्हती, हे मी कबूल करतो. परंतु ज्याचा बैल चोरीस गेला आहे त्याला तालुक्याच्या ठिकाणी चार हेलपाटे घालावयास लावून, बैलाच्या किमतीइतका खर्च केल्यावर जो न्याय मिळतो, त्यापेक्षा चावडीवर दोन दिवसांत मिळालेला न्याय स्वस्त आणि पुष्कळदा अधिक खरा असतो. ज्या गावाने भांडण पाहिले आहे त्या गावासमोर खोटी साक्ष देणे सोपे नसते.

ह्या कामी भारतानंदांनी स्वतःसाठी कोणतीही गादी मागितली नाही. ते दिवाण झाले नाहीत, सरपंच झाले नाहीत. ते खेडोपाडी हिंडले, लोकांत बसले, आणि पंचायत म्हणजे काय हे त्यांना समजावून दिले. परदेशातून आलेल्या, जातगोत नसलेल्या, जमिनीचा एक गुंठाही नावावर नसलेल्या ह्या माणसाचे बोलणे लोकांनी ऐकले. का ऐकले, याचा विचार आपण देणाऱ्यांनी अवश्य करावा. माझ्या मते त्याचे कारण एकच. त्याला गावाकडून काही घ्यावयाचे नव्हते. आणि गावाला जे द्यावयाचे ते देऊन झाल्यावर त्यावर आपली मालकी राखावयाची नव्हती. गावात जन्मलेल्या पुढाऱ्याला वाडवडिलांचा वारसा असतो, भावकीचा आधार असतो. परक्याला तो नसतो. त्याचा मान केवळ त्याच्या वागणुकीवर उभा राहतो, आणि म्हणूनच तो अधिक पारखून मिळालेला असतो.

ह्याच काळात आटपाडीजवळ दुसरा एक प्रयोग झाला, तो तर आजच्या आपल्या कामाशी थेट जुळणारा आहे. १९३९ मध्ये तेथे स्वतंत्रपूर नावाची वसाहत स्थापन झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे ठेवावयाचे. पण भिंत नाही, गजांची दारे नाहीत. त्यांच्या बायकामुलांनी त्यांच्याबरोबर राहावे, त्यांनी जमीन कसावी आणि आपल्या कष्टावर पोट भरावे. कल्पना भारतानंदांची. ज्या माळावर भल्या शेतकऱ्याचाही जीव मेटाकुटीस येतो, तेथे समाजाने टाकून दिलेल्या माणसांच्या हाती जमीन देणे हे वेडेपणाचे वाटले असेल. पण ती वसाहत टिकली. संस्थान गेले, राजा गेला, भारतानंद गेले. स्वतंत्रपूर खुली वसाहत म्हणून महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे चालत राहिले. १९५७ साली व्ही. शांताराम ह्यांनी काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट ह्याच प्रयोगावरून सुचलेला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे ह्याच माणदेशच्या सुपुत्राची.

मी हे सांगतो ते चित्रपटाच्या कौतुकासाठी नव्हे. आपल्या देणगीदार मित्रांची शंका होती की गावकऱ्यांवर विश्वास कसा टाकावा. आटपाडीच्या माळावर खुनाच्या शिक्षेच्या कैद्यांवर विश्वास टाकण्यात आला. मग ज्यांचा अपराध इतकाच की त्यांच्या शिवारात पाऊस पडला नाही, त्यांच्यावर विश्वास टाकावयास आपण का कचरावे?

औंधच्या प्रयोगात काही उणे नव्हते असे मात्र कोणी समजू नये. गांधीजींच्या सल्ल्याने मतदानास साक्षरतेची अट घालण्यात आली होती. तिच्यामुळे साक्षरतेस चालना मिळावी हा हेतू स्तुत्य. तथापि ज्यांना अक्षर येत नव्हते ते तूर्त बाहेर राहिले, आणि ते कोण असणार हे सांगावयास नको. भूमिहीन, दलित आणि बहुसंख्य स्त्रिया. शिवाय काळ फार थोडा मिळाला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि नऊ वर्षांत प्रयोग संपला. नऊ वर्षांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी मोडत नाहीत.

तरी बी अगदीच वाया गेले असे म्हणता येत नाही. १९४३ ते १९४६ ह्या वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात जे प्रतिसरकार उभे राहिले, त्याचे कुंडल हे एक मोठे केंद्र होते, जी. डी. बापू लाड ह्याच गावचे. त्या प्रतिसरकारनेही गावोगाव न्यायदान मंडळे नेमली, सावकारी व गुंडगिरी ह्यांना आळा घातला. त्यांचा मार्ग औंधच्या मार्गाहून फार निराळा होता आणि दोहोंस एका मापाने मोजणे योग्य नव्हे. परंतु आपल्या गावचा कारभार आपण चालवू शकतो, हा विश्वास ह्या मातीस नवा नव्हता, एवढे निश्चित.

भारतानंदांची पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १९५९ नंतर तिबेटातून निर्वासित हिंदुस्थानात आले, तेव्हा आपल्याच देशच्या वांदा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी ह्यांच्यासह ते त्यांच्या वसाहतींसाठी व मुलांच्या शिक्षणासाठी झटले. आपण निर्वासितांची सेवा करीत आहोत ह्याचा त्यांना अचंबा वाटण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांना आपल्या शेजारच्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला होता. उतारवयात ते मुंबईस राहिले, निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचे त्यांनी इंग्रजी केले आणि तो ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७६ च्या मार्च महिन्यात मुंबईतच त्यांचा देह पडला. वॉर्साच्या गरीब घरातून निघालेला माणूस मराठी भाषेचा सेवक होऊन महाराष्ट्रात विसावला.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मदत गावाच्या स्वाधीन करावी की नाही?

दुष्काळाचे स्वरूप आपण नीट ओळखले पाहिजे. पाऊस चुकला की प्रथम चारा संपतो; मग पाणी; मग मजुरी; आणि मजुरी संपली की बाजारात धान्य असूनही घरात येत नाही. माणूस एका दिवसात कंगाल होत नाही. आधी शेरडेमेंढरे विकतो, मग गाय, मग खिलारी बैलजोडी, मग घरातील सोने, आणि शेवटी गाव सोडतो. बैल विकला गेला की पुढल्या वर्षी पाऊस पडूनही पेरणी होत नाही. म्हणजे बैल दावणीला असताना दिलेला चारा हे अन्नदान आहे तसेच ते बियाणेही आहे. आणि बैल बाजारात गेल्यावर दिलेला पैसा हा नुसताच दुःखावरचा उतारा. वेळ चुकवून केलेल्या मदतीची किंमत चौपट पडते, हे बाजार जाणणाऱ्या व्यापाऱ्यांना मी काय सांगावे?

आता कोणत्या घरची दावण रिकामी होण्याच्या बेतात आहे, हे कुंडलात बसलेल्या आपल्याला कळेल काय? आपला कारकून मोटारीतून जाईल, चावडीपुढे जो बोलका असेल त्याचे ऐकेल आणि परतेल. जी विधवा दारातून बाहेर येत नाही, जो मेंढपाळ कळप घेऊन चार महिने बाहेर गेलेला आहे व ज्याची म्हातारी घरी एकटी आहे, त्यांची नावे त्याच्या यादीत चढणार नाहीत. गावाला ती नावे पाठ असतात. म्हणून मदत वेळेवर व योग्य दारी पोहोचावयाची तर ती गावाच्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे आणि गावाच्या हातांनी दिली गेली पाहिजे.

राहिली अफरातफरीची भीती. ती मी हसण्यावारी नेत नाही. माझी हयात कागदपत्रांत गेली आहे. परंतु वकील म्हणून एक गोष्ट आपल्या नजरेस आणतो. खासगी विश्वस्तांसंबंधीच्या १८८२ च्या कायद्याने ज्याच्या हितासाठी विश्वस्तनिधी आहे त्याला हिशेब पाहण्याचा हक्क दिला आहे. धर्मादायाच्या कामात मात्र आपण हिशेब दाखवितो तो देणाऱ्यालाच. घेणाऱ्याने हिशेब विचारला तर त्याला उद्दाम म्हणतो. माझे म्हणणे असे की ज्या गावास मदत गेली त्या गावच्या चव्हाट्यावर जमाखर्च मोठ्याने वाचला जावा; किती कडबा आला, कोणाच्या दावणीला किती गेला, हे सर्वांच्या कानी पडावे. शंभर माणसांसमोर वाचलेला हिशेब हा कोणत्याही तपासनिसाच्या सहीपेक्षा भारी असतो. आणि औंधच्या घटनेत जे उणे राहिले ते आपण राहू देऊ नये: गावच्या मदत मंडळात भूमिहीन, दलित वस्ती व स्त्रिया ह्यांची माणसे असल्यावाचून समितीने त्या गावी पैसा धाडू नये. अक्षर येते की नाही हे विचारू नये. भूक कळते की नाही हे विचारावे.

आणखी एक गोष्ट. शक्य तेथे मदत ही भीक न होता काम व्हावी. ह्यासंबंधीही आपल्या जिल्ह्यास परका धडा घेण्याची गरज नाही. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे आपल्याच भागातले. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आणि १९७७ मध्ये मागेल त्याला काम हा कायदा झाला. तेव्हा खडी फोडून फोडून रस्ते झाले, हेही खरे. पुढील दुष्काळात त्या खडीने तहान भागली नाही. म्हणून समितीच्या पैशातून होणारे काम पाणी अडविणारे असावे, आणि कोणता ओढा अडवावयाचा, कोणत्या विहिरीतला गाळ काढावयाचा, हे गावाने ठरवावे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेकडे चढविले आहे. ज्यांच्या शिवारात ते आले त्यांनी ज्यांच्या शिवारात आले नाही त्यांचे स्मरण ठेवावे.

आता आपणांकडे मागणे.

बागाईतदार बंधूंनो, तोडणीच्या हंगामात तुमच्या फडात उसाचे वाढे पडते; त्यातील काही विकले जाते, काही जळते. ते आटपाडीच्या दावणीस पोहोचावे. तुमच्या फडात कोयता चालविणारा मजूर पुष्कळदा अशाच कोरड्या गावांतून आलेला असतो. तो येथे आपला ऊस तोडीत असताना त्याची गाय तिकडे उपाशी मरू नये, एवढे तरी आपण पाहावे. ज्यांना धान्य देणे शक्य आहे त्यांनी शाळू द्यावा. पुढील पेरणीसाठी बियाणे निराळे बांधून द्यावे, म्हणजे ते दळले जाणार नाही.

व्यापारी बंधूंनो, तुमच्यात गलाईचा धंदा करणारे पुष्कळ आहेत. विटा, खानापूर, आटपाडी ह्या भागातील माणसे कोरड्या शिवाराला कंटाळून सोने-चांदी गाळण्याची विद्या घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यात गेली, आणि जेथे गेली तेथे परकी म्हणून उतरली. परक्या गावात पहिल्या रात्री पथारी कोठे टाकावी हा प्रश्न तुमच्या वडिलांनी सोडविला आहे. तुम्हाला भारतानंदांची हकिकत अधिक जवळची वाटेल. ते दुरून येऊन ह्या मातीचे झाले. तुम्ही ह्या मातीतून दूर जाऊन तेथले झालात. त्यांनी जेथे राहिले तेथील गावांस आपली विद्या दिली. तुम्हीही द्या, जेथे आहात तेथेही द्या, आणि जेथून निघालात तेथेही. तुम्ही गावी मंदिरे बांधिली, कमानी उभारल्या. ते पुण्य तुमच्या पदरी आहेच. ह्या वर्षी कमानीऐवजी एक पाझर तलाव बांधा. त्यावर तुमचे नाव नसले तरी चालेल. पाणी प्यायला येणारे ढोर पाटी वाचीत नाही.

जमीनदार बंधूंनो, दुष्काळी वर्षी अडल्यानडल्याची जमीन स्वस्तात मिळते, हे मी कचेरीत बसून पाहतो. कायद्याने तो व्यवहार बरोबर असतो. कागदावर सही असते, साक्षीदार असतात. मी आपणांस इतकीच विनंती करतो की ह्या वर्षी तसा कागद कोणी करून मागू नये. अडचणीतल्या शेतकऱ्यास पैसा हवा असेल तर बैलाच्या चाऱ्यापुरता उसना द्यावा आणि पाऊस पडेपर्यंत मागू नये. समितीस दिलेल्या मोठ्या देणगीहून ही गोष्ट कमी मोलाची नाही.

एक संस्थानिक, ज्याच्याजवळ गमावण्यासारखे पुष्कळ होते, त्याने एका परदेशी माणसाचे ऐकून आपला अधिकार बहात्तर गावांच्या स्वाधीन केला. आपणांकडे कोणी राज्य मागत नाही. काही गाड्या चारा, काही पोती धान्य, काही रुपये, आणि ते देऊन झाल्यावर त्यावरील आपली मुठ सोडणे, एवढेच मागणे आहे. पहिल्या गोष्टी आपण द्याल ह्याविषयी मला शंका नाही. दुसरी गोष्ट अधिक अवघड, आणि तिच्यासाठीच मी आपला इतका वेळ घेतला.

वर्गणीची वही चिटणिसांपाशी उघडी ठेविली आहे. रोख रक्कम, चारा व धान्य ह्यांसाठी निराळी पाने आहेत. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि ज्या गावी ती जाईल त्या गावच्या चव्हाट्यावर तिचा हिशेब वाचला जाईल. ज्यांना समक्ष ऐकावयास यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. गाडीत जागा आहे.